मतदानाच्या दिवशी गेलेली खांड

हसुदादा शाळेतल्या मतदान केंद्राबाहेर आमच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावरचा पंचा घामाने भिजलेला, आणि धाप लागलेली. मी मतदारयादीत नाक खुपसून बसलो होतो. समोर बायकांची ही गर्दी. कुणाला आपला नंबर सापडत नव्हता, कुणाच्या चिठ्ठीवर नवऱ्याच्या जागी दिराचं नाव पडलं होतं आणि त्यावरून बाकीच्या तिला छळत होत्या.

“जयेंद्रा, जरा बाजूला ये,” दादा म्हणाले.

“मत दिलंत का दादा?”

“ते ऱ्हाऊ दे. तू ये आधी.”

वाण्याच्या दुकानामागे करंजाचं झाड आहे, तिथे त्यांनी मला नेलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, “खांड जातेय. उघाडीच्या पल्याड, तिसऱ्या वळणाला. दोन हात फुटलाय बांध. भरतीचं पानी आत येतंय.”

खारेपाटाबाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या नारंगखारात भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शेतांपेक्षा उंच असतं. मध्ये फक्त मातीचा बांध. पावसाचं गोडं पाणी खाडीत सोडायला त्या बांधात एक दार ठेवलेलं असतं, ती उघाडी. बांध फुटला की म्हणायचं, खांड गेली. एकदा खारं पाणी शेतात बसलं की पुढची तीन वर्षं तिथे भाताचं पातं उगवत नाही. त्या दिवशी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता आणि तीन गावांचं भात कापणीला आलेलं होतं.

खांड गेली की काय करायचं हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एका बांधाच्या आधाराने ज्यांची शेतं जगतात त्या सगळ्या घरांचा मिळून एक जोळ. उघाडीवरचा राखणदार जोळाच्या कारभाऱ्याला सांगतो, कारभारी हो म्हणाला की राखणदार पितळी थाळा बडवत तिन्ही गावांतून फिरतो, आणि घरटी जो कुणी उभा राहू शकतो तो फावडं-घमेलं घेऊन बांधावर. भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न बघणारे तिथे एकमेकांच्या हातात घमेली देतात. माझ्या आत्याच्या लग्नात थाळा वाजला, तर नवरदेवासकट सगळं वऱ्हाड चिखलात उतरलं आणि अक्षता दुसऱ्या दिवशी पडल्या. आत्या अजून त्यावरून माझ्या वडिलांना बोलते.

राखणदार होते हसुराम गावंड, म्हणजे आमचे हसुदादा. वय सत्तर. त्यांच्या आधी त्यांचे वडील राखणदार, त्याच्याही आधी आजोबा. आणि त्या वर्षी कारभारी होतो मी. अठ्ठावीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिळमात्र शंका नसलेला.

“मग, मारू थाळा?” दादांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं.

का बघितलं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. खाडीच्या पलीकडच्या काठावर कोळशावर चालणारा वीजप्रकल्प येणार होता. आमच्याच शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सुगंधाताई ठाकूर, त्यांनी पहिल्यांदा लोकांना बसवून सांगितलं की समुद्र हळूहळू वर येतोय, आपला बांध मात्र आहे तिथेच आहे, आणि ज्या धुरापायी हे होतंय तो ओकणारं धूड आपल्याच दारात आणून बसवतायत. लोक हसले. समुद्र वर येतोय म्हणे, बाई पुस्तक वाचून आल्यात. मग हसुदादा उठले. म्हणाले, “बाय बोलते ते खरं हाय. माझ्या बापाच्या वेळेला उधाणाचं पानी उघाडीच्या तिसऱ्या फळीला लागायचं. आता पाचवीला लागतं.” त्यानंतर कुणी हसलं नाही. तिथेच समिती निघाली.

ताईंचा एकच हट्ट होता. समितीपुढे कुणी काहीही घेऊन यायचं. रस्ता, दारूबंदी, पाण्याची टाकी, एखाद्या तलाठ्याची बदली. त्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “यासाठी वेगळी समिती काढा, मी येऊन बसेन. इथे दोनच गोष्टी. प्रकल्प नको आणि बांध उंच हवा.” लोक चिडायचे, पण सहा वर्षं आम्ही टिकलो ते त्यामुळेच. तिन्ही गावांत मिळून पाच पक्ष होते, समितीत एकही नव्हता.

आणि मग माझ्या डोक्यात निवडणूक शिरली. मोर्चे काढून झाले होते, निवेदनांच्या पोचपावत्यांनी एक फाईल भरली होती, आणि प्रकल्प काही हलत नव्हता. मी ताईंना म्हणालो, “आपण दाराबाहेर उभं राहून ओरडतोय. विधानसभेत आपलं माणूस हवं.”

“आत गेलं की आतलं बोलावं लागतं, जयेंद्र. उद्या मला गटारंही बांधावी लागतील आणि बारशालाही जावं लागेल.”

“मग बांधू गटारं.”

“आणि बांध कोण बघेल?”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

अगदी सहज बोलून गेलो. तीन महिने मी त्यांचं डोकं खाल्लं, शेवटी अर्ज भरायच्या आदल्या दिवशी त्या कंटाळून हो म्हणाल्या. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. आणि बघता बघता वारं फिरलं. दोन मोठे पक्ष एकमेकांना खाली खेचत होते, त्यात ताईंचं नाव वर यायला लागलं. सगळ्यांचा हिशेब एकाच जागी येऊन थांबत होता. बाकी मतदारसंघात बरोबरी, निकाल लावणार ती जोळाची तीन गावं. आमची अडीच हजार मतं, झाडून सगळी ताईंची. ती नीट पडली की ताई आमदार.

साडेदहाला त्यातली जेमतेम पाचशे पडली होती. आमच्याकडे बायका स्वयंपाक आवरून निघतात, पुरुष म्हावरं विकून येतात, खरी रांग अकरानंतर लागते. थाळा वाजला की ही रांग जागच्या जागी मोडणार हे मला समोर दिसत होतं.

“ओहोटी कधी लागतेय दादा?”

“आता लागंल. बारस हाय आज. चारला पानी तळाला.”

“म्हणजे पाणी आत येणं आपोआप थांबेल.”

दादा माझ्याकडे बघतच राहिले. “आणि आत आलेलं भायेर निघंल त्याचं काय? ते निघताना खांड खातं. तुला मी सांगायला पायजे?”

नको होतं सांगायला. शेंबड्या वयापासून मला ते ठाऊक होतं. पण मी दुसरीच बेरीज करत होतो. मी म्हणालो, “दादा, मतदान चालू आहे. आचारसंहिता लागलीय. केंद्राजवळ थाळा बडवलात तर विरोधक म्हणतील हा प्रचार. ताईंची उमेदवारी रद्द होईल.”

हे सपशेल खोटं होतं. करंजाखाली उभ्या उभ्या रचलं मी. उलट मतदान केंद्रावरच्या साहेबाला जाऊन सांगितलं असतं तर त्याने स्वतः जीप दिली असती. पण दादा चौथीपर्यंत शिकलेले. सरकारी शब्द कानावर पडला की ते दबकायचे, आणि हे मला माहीत होतं.

“असं हाय का,” ते म्हणाले.

“एकपर्यंत थांबा. एकला मारा थाळा. तोवर तुम्ही खुंट ठोका, पेंढा लावा, जमेल तेवढं करा.”

“एकपर्यंत?”

“मी कारभारी आहे ना दादा?”

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. “तू बोलतोस तर थांबतो,” म्हणाले आणि आल्या वाटेने परत गेले. त्यांचं मत द्यायचं राहिलं. मीही आठवण केली नाही.

पुढचे अडीच तास मी जन्मात केलं नव्हतं एवढं काम केलं. म्हाताऱ्यांना रिक्षा पाठवल्या, बाळंतिणीला मोटारसायकलवरून आणलं, एका रुसलेल्या चुलत्याच्या पाया पडलो. बाराच्या सुमाराला ताई फेरीवर आल्या. “सगळं ठीक?”

“एकदम. दीड हजारापर्यंत जाऊ एकच्या आत.”

“वारा आहे आज,” त्या खाडीकडे बघत म्हणाल्या. “बांधावर कुणी जाऊन आलं का?”

“हसुदादा आहेत ना तिथे.”

यात तर खोटं काहीच नव्हतं. ताई पुढच्या गावाला गेल्या.

बरोबर एकला थाळा वाजला. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. हातातल्या चिठ्ठ्या ब्लाऊजमध्ये खोचल्या आणि घराकडे फावडी आणायला पळाल्या. समोरच्या पक्षाच्या टेबलावर माझा शाळूसोबती बसला होता, सकाळपासून आम्ही एकमेकांवर डोळे वटारत होतो. त्याने यादीवर दगड ठेवला आणि म्हणाला, “चल रे.” केंद्रावरचे साहेब व्हरांड्यात येऊन हे काय चाललंय म्हणून बघत राहिले.

तिसऱ्या वळणाला पोचलो तेव्हा खांड दोन हात नव्हती. अठरा हात होती. आत साचलेलं पाणी घोंघावत बाहेर पडत होतं आणि दोन्ही कडांची माती ढेकळाढेकळाने नेत होतं. दादा छातीभर पाण्यात उभे होते. त्यांनी एकट्याने ठोकलेले खुंट केव्हाच वाहून गेले होते. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग, “ए, इकडून भरा, ह्या कडेनं,” म्हणून लोकांना ओरडून सांगायला लागले.

पाच तास लागले. हजारावर माणसं. ताई पावणेदोनला आल्या आणि पदर खोचून ओळीत उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, “ताई, तुम्ही जा, बाकीच्या गावांतलं मतदान बघा.” त्या म्हणाल्या, “आधी मला घमेलं द्या.” मी त्यांच्यापासून चार माणसं सोडून होतो. घमेली पुढे देता देता मला हिशेब उलगडला. साडेदहाला थाळा वाजला असता तर दोन हातांची खांड बारा-साडेबाराला बुजली असती. एकपर्यंत सगळे हातपाय धुऊन परत रांगेत उभे असते. मतं वाचवायला म्हणून मी जे केलं त्यानेच मतं चालली होती, आणि ती जाताना मी मोजत होतो.

खांड बुजली तेव्हा सहा वाजून गेले होते. चाळीस एकर भात खाऱ्या पाण्याखाली गेलं, बाकीचं राहिलं. लोक तसेच चिखलाने माखलेले शाळेकडे धावले. फाटक बंद. साहेब भला माणूस होता, त्याला फार वाईट वाटलं. “सहाला जे रांगेत होते त्यांचंच घेता येतं हो,” एवढंच तो पुनःपुन्हा सांगत होता. कुणी भांडलं नाही. ताई सहाशे बारा मतांनी पडल्या. आमच्या तीन गावांत हजारावर माणसांनी मत दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात जोळाची सभा भरली. इतिवृत्त लिहायला वही घेऊन मी बसलो होतो. येताना मनाशी पक्कं केलं होतं, आधी सांगून टाकायचं, मग जे होईल ते.

तिसऱ्या वळणाच्या प्रभाकर घरतांची सहा एकरं बुडाली होती. ते पहिल्यांदा उठले. “मला एक सांगा. एकला थाळा वाजला आणि आम्ही गेलो तर अठरा हात खांड. अठरा हात काय अर्ध्या तासात जाते? सकाळपासून जात असणार. राखणदार काय करत होता?”

मी वही बाजूला ठेवली. तोंड उघडणार तेवढ्यात मागून हसुदादांचा आवाज आला.

“माझा डोळा लागला.”

सगळे वळले. दादा खांबाला धरून उभे राहिले होते. “सकाळी फेरी मारली, उघाडीवर जरा टेकलो. डोळा लागला. उठलो तवा बारा वाजून गेलते.”

त्या सकाळी टेबलापाशी असलेल्या कुंदावहिनी बायकांतून म्हणाल्या, “पण दादा, तुम्ही तर साडेदहाला टेबलाकडे आला होतात. मी पाहिलं ना तुम्हाला.”

“मत द्यायला आलतो बाय. गर्दी बगून परत गेलो आणि झोपलो.”

राखणदार झोपतो, तेही गावंडांच्या घरातला, ही गोष्ट तिथे कुणी कधी ऐकलेली नव्हती. ताई मात्र दादांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“जयेंद्र,” त्या म्हणाल्या, “तुला काही सांगायचंय?”

‘मीच थांबवलं त्यांना.’ तीन शब्दांचं काम होतं. मी दादांकडे बघितलं. त्यांनी मान इतकीशी हलवली, नको म्हणून. त्यांच्या माथी खापर फोडायला मला खरं तर त्यांनी सांगायचीही गरज नव्हती, कारण त्या क्षणी मला जे वाटलं ते लाज नव्हती. सुटलो असं वाटलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

“नाही,” मी म्हणालो.

राखण काढून घ्यावी असा ठराव झाला. हात वर करा म्हटल्यावर हळूहळू हात वर गेले, कित्येक जण डोळे पुसत होते. कारभाऱ्याचाही हात लागतो. मी केला वर. मग लिहायला घेतलं. दादा पुढे येऊन माझ्यासमोर बसले.

“लिवलंस? वाच. मला आयकू दे.”

मी वाचलं. “राखणदार हसुराम पोशा गावंड यांस कामावर झोप लागल्याने जोळास वेळेवर खबर मिळाली नाही व नुकसान झाले. सबब त्यांजकडील राखण आजपासून काढून घेण्यात येत आहे.”

“बरोबर,” ते म्हणाले. उघाडीची किल्ली आणि थाळा त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि निघाले.

मी त्यांना गावाबाहेरच्या वाटेवर गाठलं. “दादा, का केलंत हे माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी कोन करतो?” ते थांबलेसुद्धा नाहीत. “म्हातारा झोपला, हे लोकं सोसतील. दुसरा राखणदार ठेवतील. पन कारभाऱ्यानं मतांसाठी थाळा दाबून ठेवला हे कळलं, तर पुढल्या खेपेला थाळा वाजला का आधी इचारतील, हा कोनाचा थाळा? कुठल्या पक्षाचा? इचारत बसतील तवर पानी आत.”

“मी जाऊन सांगतो सगळ्यांना. आत्ता.”

“तुला हलकं वाटंल. बांधाला काय?”

मी त्यांच्या मागून चालत राहिलो. थोडं पुढे गेल्यावर ते थांबले. “आणि एक. ती तुझी आचारसंहिता मी त्या सायबाला इचारली, त्याच संध्याकाळी. परत माझ्याशी खोटं बोलू नको.”

ताई पुन्हा त्यांच्या दोन गोष्टींवर आल्या. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला कुठला ना कुठला पक्ष तिकीट घेऊन दारात यायचा, त्या चहा पाजून परत पाठवायच्या. मी कधी त्यांना गळ घातली नाही. कारभारीपण त्याच वर्षी सोडलं, तब्येतीचं कारण सांगून. बांध दीड फूट उंच झाला, प्रकल्प अजून कागदावर लोंबकळतोय. दादांना जाऊन नऊ वर्षं झाली.

पण ते असतानाच, निवडणुकीनंतर तिसऱ्या वर्षी, पुन्हा एकदा खांड गेली. सकाळी नऊला नव्या राखणदाराने थाळा मारला आणि पंधरा मिनिटांत तिन्ही गावं बांधावर होती. कुणी काही विचारलं नाही, सगळे धावत आले. दादाही आले, आपलं घमेलं घेऊन. वय त्र्याहत्तर. ओळीत माझ्या शेजारी उभे राहिले.

तासाभरात खांड बुजत आली, लोकांना हुरूप आला, थट्टामस्करी सुरू झाली. पलीकडून कुंदावहिनी ओरडल्या, “काय दादा, आज डोळा उघडा होता ना?”

सगळी ओळ हसली. मनात कुणाच्या काही नव्हतं, आमच्याकडे माणसाला असंच छळतात. दादाही हसले. “आज होता बाय,” म्हणाले, आणि भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं.

मीही हसलो.